चढलेला घाट पिकअपमधनं खाली

मंडळी, यवतला रसवंतीवर बसलोय आन् रडू का हसू कळंना.

सकाळी खुटबाववरनं सायकल काढली. भुलेश्वरचा घाट चढून पुढं दिवेघाट गाठायचा होता. उन्हानं जीव नकोसा झाला, म्हणून शेवटच्या वळणावर पाणी प्यायला थांबलो.

तेवढ्यात वरनं कांद्याचा पिकअप आला. ओळख ना पाळख, पण सायकल बिघडली समजून चालवणाऱ्या मामांनी ती टपावर आवळलीसुद्धा.

"मामा, सायकल चांगली हाय. मला वर जायचंय!"

"आसल्या उन्हात? यडा का काय! बस गप."

बसलो. चढलेला सगळा घाट डोळ्यांदेखत परत उतरलो.

मामा रस पाजून म्हणाले, "हितंच थांब. कांदा उतरवून तुला वर सोडतो."

मामा पिकअप घेऊन गेले, सायकल अजून टपावरच हाय. आता सांगा, घाट चढलो म्हणायचं का न्हाई?