म्हैस आणि वायफाय

आमच्या घरात सगळ्यात जास्त तोरा लॅपटॉपचा. तो सुनेचा, म्हणजे तिच्या पुण्याच्या कंपनीचा. शिरूरच्या आमच्या एवढ्याशा घरात त्याला स्वतःचं टेबल आहे, स्वतःचा पंखा आहे. मला माझी म्हणावी अशी खुर्चीसुद्धा नाही; तिच्यावर वाळलेले कपडे माझ्या आधी बसतात. त्या दिवशी या महाराजांनी आपल्या मनानं अपडेट घेतलं आणि सकाळी उठले ते वायफाय विसरूनच.

"आई, वायफायची खूणच गेली," सून म्हणाली.

मी चहा गाळत होते, ती थांबले. हल्ली असं काही झालं की मी आधी दमते आणि काय झालंय ते मला नंतर कळतं.

प्रश्न वायफायचा नव्हता, नातीचा होता. नात अजून अंगावर पिते. तिच्यासाठीच सुनेनं साहेबांच्या मागं लागून घरून काम करायची परवानगी मिळवली होती, तीही एका बोलीवर: नेट नाही, लॅपटॉप बिघडला, असली कारणं सांगायची नाहीत. दुपारी दोनला तिचं काम सुरू होतं. तोवर लॅपटॉप लागला नाही तर उद्यापासून पुण्याला, ऑफिसात. म्हणजे जेवणाआधीच घर सोडायचं आणि पोर झोपल्यावर परत यायचं. मधला सगळा दिवस मी, नात आणि माझे गुडघे.

यंत्रातलं कळणारा घरात एकटा माझा मुलगा. पण तो रांजणगावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला आणि तिथं मोबाइल गेटवरच जमा करून घेतात. मोबाइलचं नेट लॅपटॉपला देऊन पाहिलं, तेही त्याला दिसेना. एरवी आख्ख्या आळीच्या वायफायची नावं त्यात दिसतात, त्यातलंही एक दिसेना. म्हणजे नेट जागच्या जागी होतं, लॅपटॉपचीच नजर गेली होती.

शेवटी सुनेनं कंपनीच्या कॉम्प्युटरवाल्या साहेबांना फोन लावला. हात मोकळे राहावेत म्हणून आवाज मोठा ठेवला होता, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

"एअरप्लेन मोड बंद आहे ना मॅडम?"

"हो सर."

"डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा. वायरलेस अडॅप्टरचं नाव दिसतंय?"

"हो सर."

"त्याचा जुना ड्रायव्हर टाकून पाहिलात?"

"हो सर."

"पूर्ण बंद करून परत चालू केला?"

"हो सर."

"मग आतला भागच गेला असणार. उद्या लॅपटॉप घेऊन ऑफिसला या आणि इथंच बसा काही दिवस."

"हो सर," म्हणून तिनं फोन ठेवला आणि ओढणीनं डोळे पुसायला लागली.

मी जवळ गेले. "ते नाव कुठं दिसलं गं तुला? मला बी दाव."

"न्हाई दिसलं."

"मग व्हय कशापायी म्हणालीस?"

"ते भराभरा इचारत व्हते, आई. सायबांना न्हाई कसं म्हणायचं?"

मला तिच्यावर रागवायचं होतं. पण या गोष्टीवर रागवायचा हक्क मी दौंडला घालवून बसले आहे.

लग्न झालं तेव्हा नवरा रेल्वेत, आम्ही दौंडला क्वार्टरमध्ये आणि सासरे निमोण्याला. फोन समोरच्या किराणा दुकानात. दुकानदार म्हणजे तिथल्या जुन्या मुसलमान वस्तीतले एक चाचा. ते हाक मारायचे, "वहिनी, गावाकडून फोन." मग आमची नवी नवरी, म्हणजे मीच, धावत सुटायची. चपला दुकानाबाहेर काढायची, डोक्यावरून पदर घ्यायची आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची. चाचा स्टूल पुढं करायचे. पण सासरे बोलत असताना बसायचं कसं? चाचा एकदा म्हणाले, "वहिनी, आबांना तिकडनं दिसत न्हाई." मला वाटलं, यांना रीत कळत नाही. पदर कानावरून असल्यानं निम्मं बोलणं लुगड्यालाच ऐकू जात असणार, पण माझी ऐट काही कमी नव्हती.

एकदा सासऱ्यांनी विचारलं, "म्हशीला दौंडच्या दवाखान्यात दावायचीय. चार दिस बांधाया जागा हाय ना तुमच्याकडं?"

त्या वेळी मात्र मला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. आमच्याकडं जागा म्हणजे दारासमोरची पायरी आणि डब्यातली तुळस. मी म्हणाले, "व्हय आबा."

"वैरणीचं जमंल?"

"व्हय आबा."

"रेल्वेच्या सायबाला चालंल ना?"

"व्हय आबा."

म्हैस आली. आल्या आल्या तुळस खाल्ली. नवरा ड्यूटीवर जाताना तिच्या शेपटीखालून वाकून जायचा आणि माझ्याशी बोलायचा नाही. मग साहेब स्वतः बघायला आले. मी दाराआड. त्यांनी विचारलं, "उद्या हलवताय ना ही?" दाराआडून उत्तर गेलं, "व्हय सायब." एकाच म्हशीवर मी दोघांना दोन वेगवेगळे होकार देऊन बसले होते. तिला हलवता हलवता नवऱ्याच्या नाकी नऊ आले. आणि ही बया रात्री त्यालाच विचारते, मी काय चुकीचं बोलले?

तर अशा बाईनं सुनेला काय शिकवायचं. तरी म्हटलं, "लाव परत फोन. ह्या येळेला मी बोलते."

फोन लागला. "साहेब, मी सासूबाई बोलतेय. मघाशी ती जे जे हो म्हणाली ते विसरून जा. आम्हाला काहीएक दिसलेलं नाही."

"काहीएक म्हणजे?"

"नाव नाही, खूण नाही. आणि ते बंद करून चालू म्हणताय, तर आम्ही नुसतं झाकण लावतो आणि उघडतो."

त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. तेही आमच्यासारखेच दमलेले होते. म्हणाले, "आजी, सकाळपासून अपडेटचेच फोन घेतोय. सगळे हो म्हणतात आणि कुणाचंच चालू होत नाही."

मग पहिल्यापासून सुरुवात केली. लपवलेली यंत्रं दाखवा असं काहीतरी त्यांनी वरच्या मेनूतून निवडायला लावलं. यादीत एक फिकट नाव आलं.

"दिसतंय?"

"हो स..." सून म्हणाली. मी तिच्या पाठीत बोट खुपसलं.

"फिकट दिसतंय सर. असून नसल्यासारखं."

"हां. ते काढून टाका."

तिचा हात थांबला. "पण ते परत येईल का?" त्या सकाळी साहेबांना तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न.

येईल म्हणाले. मग लॅपटॉप खरोखरचा बंद करायचा, चार्जरची वायर काढायची आणि ते सांगतील तोवर पॉवरचं बटण दाबून धरायचं. अंगठा दुखला म्हणून तिनं बोट बदललं. मला उभ्या उभ्या डुलकी आली.

लॅपटॉप उघडला. नाव ठळक झालं होतं, पण त्यावर पिवळी खूण.

"आलं वायफाय?"

"नाही सर," सून म्हणाली. कुणी बोट न लावता.

मग साहेब म्हणाले की यंत्राचा भाग ज्याच्यावर चालतो तो ड्रायव्हर अपडेटनं नवा घातलाय आणि तो या लॅपटॉपला मानवत नाही. जुना अजून आतच असेल. यादी उघडा, तारीख बघा, त्यातला जुना निवडा. तिनं तारखा मोठ्यानं वाचल्या, निवडला. पडदा काळा झाला, परत उजळला आणि आख्ख्या आळीची नावं एकाखाली एक येऊन बसली. वरच्या मजल्यावरच्यांनी आपल्या वायफायला आपल्या कुत्र्याचं नाव दिलंय, ते वाचून मला इतका आनंद पहिल्यांदाच झाला.

मी साहेबांचे आभार मानत होते, तर सून तोंडावर हात धरून हसायला लागली. "आई, पदर." मी चाचपून पाहिलं. होता डोक्यावर. कधी घेतला, देव जाणे.

दोन वाजता तिच्या वरच्या साहेबांचा चेहरा पडद्यावर आला. त्यांना सकाळचं कळलं होतं. "लॅपटॉपचा भरवसा नाही तुमच्या. उद्यापासून इकडंच आलात तर बरं. येताय ना?"

सुनेनं डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं पाहिलं. मी पडद्यात दिसणार नाही अशी तिच्या बाजूला उभी होते, पण या वेळी बोट खुपसलं नाही.

"नाही सर," ती म्हणाली. आवाज बारीक होता. "चालू झालंय. मी इथूनच करते."

"बरं, बघू," ते म्हणाले आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागले. एवढंच. सुनेनं टेबलाखाली माझा हात धरला.

तेवढ्यात आत नात उठून रडायला लागली. सुनेनं आवाजाचं बटण बंद केलं आणि माझ्याकडं वळून पाहिलं. "आई, घ्याल का जरा तिला?"

माझी कंबर मोडून आली होती, डोळे मिटत होते आणि सकाळचा चहा अजून गाळणीतच होता.

"व्हय," म्हणाले मी आणि पदर खोचून आत गेले.