भावाचे ओठ

मी लहान असतानाच तापात मायचे कान गेले. पण ओठांवरून ती असं काही ओळखायची, की लग्नातल्या बँडबाज्यात कोण काय बोललं ते आम्ही तिलाच विचारायचो. म्हणून माझा भाऊ गडचांदूरला सिमेंटच्या कामावर लागला तेव्हापासून फोन करायचा नाही, व्हिडिओ पाठवायचा. "माय, जेवली का?" एवढंच, पण सावकाश, तोंड उघडून.

चामोर्शीपासून आत आमचं गाव. जंगलाला लागून, त्यामुळे नेटवर्कचा सगळा आनंदच. मोठा व्हिडिओ नुसता फिरत बसायचा. भाऊ म्हणायचा, "कम्प्रेस करून पाठवतो, पोचते तरी."

शेवटचा व्हिडिओ पोचला तेव्हा भाऊ गेलेला होता. कामावरून परतताना मोटरसायकल घसरली. मोबाइलचाही चुरा झाला.

वाटेत थांबून, मोबाइल कुठेतरी टेकवून काढलेला व्हिडिओ. "माय" एवढं ऐकू येतं आणि पुढे नुसते ट्रक. म्हणजे पुढचं फक्त मायच सांगू शकली असती. पण ओठांच्या जागी चौकोन. तो बोलायला लागला की तोंड फुटून जातं.

चामोर्शीच्या मोबाइल दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, जास्त दाबलं का असंच होते. न हलणारं चांगलं राहते, हलणारं खराब होते. असली, न दाबलेला व्हिडिओ असन तं आणा."

तो असली व्हिडिओ भावाच्या मोबाइलच्या चुऱ्यात गेला. मला असा संताप आला. व्हिडिओत त्याच्या मागच्या पानठेल्याची पाटी अक्षर न् अक्षर वाचता येते. काय करायची ती पाटी? माझ्या भावाचं तोंडच तेवढं पाठवायला जड झालं होतं का?

माय रोज दुपारी तो व्हिडिओ लावते. परवा मोहफुलं निवडता निवडता तिने मोबाइल माझ्यासमोर धरला.

"काय म्हणून राह्यला तो? तुले तं आयकू येते."

माझा जीव तुटला. म्हटलं, "रविवारी येतो म्हणते, माय."

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुले बी नाई समजलं, पोरी."

आणि पदराने मोबाइलची काच पुसायला लागली. काच साफच होती.