शांतामावशीचा साहेब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय शिताफीने टाळते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही बहुधा रोह्याचे नाही — आणि असलात तरी आमच्या आळीतले नसाल, अशी आशा आहे.

विषय तसा लहान. एक कोंबडा. हसलात ना? हसा.

आमच्या शेजारी शांतामावशी राहते. नवरा गेल्यापासून एकटीच. तिने एक पिल्लू वाढवलं, त्याचा थोराड तांबडा कोंबडा झाला आणि तिने त्याचं नाव ठेवलं साहेब. का, तर "काम काय नाय, नुस्ता ओरडतो." तिच्या मागोमाग तो नळावर जायचा, तिच्या हातून दाणे खायचा. साऱ्या आळीचा लाडका. माझा नव्हता. मी शिकवते ती शाळा सकाळची. दुपारी घरी येऊन दोन घास खाऊन मी आडवी झाले रे झाले, की साहेब खिडकीखाली हजर. पहाटे कधी आरवला नाही हो — पहाटे तो झोपलेला असायचा!

मावशीला सांगायला काय झालं होतं? तिने त्याला परसात बांधला असता. ती तर आपणहून विचारायची, "मंदा गो, तुला तरास तर नाय ना होत?" आणि मी म्हणायची, "छे गं मावशी, उलट सोबत वाटते." मला चांगलं दिसायचं होतं ना.

एका गुरुवारी मावशी लग्नाला गेली. मी साहेबाला तांदळाचे दाणे दाखवून घरात घेतलं, कापडी पिशवीत घातलं आणि दुपारची गाडी पकडून पेणला निघाले. तिथे माझी मावसबहीण सुलू राहते, तिच्या परसात चार कोंबड्या होत्याच. निडी स्टेशनात गाडी थांबली आणि पिशवी आरवली. समोरच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमचा मोबाइल वाजतोय." मी म्हटलं, "वाजू दे, बहिणीचा आहे."

सुलूच्या हातात पिशवी दिली. "याचं काहीतरी कर बाई," एवढंच म्हटलं आणि परत आले. त्या संध्याकाळी मावशी लग्नाहून आली. साहेब नाही.

एवढंच असतं तर हा कबुलीजबाब कशाला लागला असता? पण आळीला ठाऊक होतं, मी गुप्तहेरांच्या गोष्टी वाचते. तपास माझ्याकडे आला. आणि मी तो घेतला! घरोघर फिरले, प्रश्न विचारले, मावशीच्या अंगणातलं एक पीस उचलून वहीत ठेवलं. शनिवारी दुपारी समोरच्या बाळूकाकांच्या कचऱ्याच्या बादलीत कोंबडीची हाडं सापडली. बाळूकाका कंपनीतून निवृत्त झालेले, बिनलग्नाचे. दर शुक्रवारी पाव किलो चिकन आणणार, हे सगळ्यांना माहीत. पण सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? चष्मा लावला, हाडं निरखली आणि म्हटलं, "हं."

मी त्यांचं नाव घेतलं नाही. शपथेवर सांगते, नाही घेतलं. फक्त "हं" म्हटलं. त्यानंतर कित्येक दिवस बाळूकाकांकडे कुणाच्याही घरून भाजीची वाटी गेली नाही.

मला रात्री झोप — नाही, खोटं कशाला बोलू, झोप छान लागत होती. दुपारचीसुद्धा. तरी रविवारी मी त्याला परत आणायला पेणला गेले. तेवढी लाज शिल्लक होती. सुलूने पान वाढलं. वडे आणि कोंबडीचा रस्सा. दोन वडे संपल्यावर मी विचारलं, "आमचा पाहुणा कुठाय?" ती माझ्या पानाकडे बघून म्हणाली, "अगं, तूच म्हणालीस ना, काहीतरी कर म्हणून?"

आता खरं ते सांगते. इथेच मी ताटावरून उठायला हवं होतं. पण मी आणखी रस्सा मागितला. होय — कळल्यानंतर. चव अजून आठवते.

इकडे मावशी रोज संध्याकाळी कुंडलिकेच्या काठाने हाका मारत फिरायची — "सायेब, ए सायेब!" मीही तिच्यासोबत फिरायची. हाका मारायची. त्या वेळी मी कशी मारत होते हाका, कुणास ठाऊक. आठवडाभराने बाळूकाका ओट्यावर सगळ्यांसमोर उभे राहिले. "व्हय, मीच खाल्ला. आता शोधू नको, शांता." मावशी तडक घरात गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते मला भाजीवाल्याकडे भेटले. हळूच म्हणाले, "बाई, तुमचा तपास चुकला हां. मी नाय खाल्ला. पण ती रोज त्या निसरड्यात जाते, एक दिवस पडेल. मेलाय म्हणून कळलं की थांबेल तरी. तसंही सगळे मलाच चोर धरून बसलेत." आणि हसले.

त्या वेळी आसपास कोणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. मी भेंडी निवडत राहिले.

याला तीन वर्षं झाली. मावशी बाळूकाकांशी अजून बोलत नाही. मागे ते पंधरा दिवस तापाने अंथरुणाला खिळले होते, सगळी आळी डबे घेऊन गेली, ती गेली नाही. "माझा सायेब खाल्लान त्यानं," म्हणाली.

साहेब गेला त्या वर्षीच्या दिवाळीला तिने मला बोलावलं आणि साडी दिली. माझ्यासाठी एवढी पायपीट कुणी केली नव्हती, म्हणाली. मोरपिशी रंगाची आहे. मी ती नेसते. शाळेत, सणावाराला, तिच्याकडे हळदीकुंकवाला. मला शोभतेही.