डाव्या बाजूची गिरकी

मसुऱ्याच्या गुणाजीचा डावा गुडघा पार गेला होता, आणि हे जगात फक्त त्याच्या चेल्याला, निकेतला, माहीत होतं. बायकोलासुद्धा नाही!

गुणाजी दशावतारात राजा व्हायचा. दशावतारात तालीम नसते, संवाद लिहिलेले नसतात, तलवारीची लढाईसुद्धा पखवाजाच्या तालावर तिथल्या तिथे जुळते. मग समोरचा कुठे वळणार हे कळायचं कसं? तेच गुणाजीने निकेतला शिकवलं. पावसाळ्यात नाटक कंपनी बंद असायची तेव्हा, देवळाच्या मंडपात, अनवाणी.

"तलवार बघू नको रे मेल्या, खांदो बघ! तलवार खोटा बोलता, खांदो नाय!"

पोरगं आपटायचं, रडायचं, परत उभं राहायचं. गुणाजीने त्याला गिरकी शिकवली, चाल शिकवली, राजासारखं नुसतं उभं राहायलासुद्धा शिकवलं. आणि एक गोष्ट गुपचूप सांगितली. "माज्या उजव्या बाजूनच फिर हां. डाव्या पायार भार इलो तर मी खाली."

निकेत कायम उजवीकडूनच फिरला. लोक म्हणायचे, काय जोडी आहे!

मग निकेत दुसऱ्या कंपनीत गेला. गुणाजी चिडला नाही. उलट म्हणाला, "जा, राजा हो."

२००६ साली कुडाळला दोन्ही कंपन्यांचा एकत्र प्रयोग ठरला, भरदुपारी. गुणाजी विरुद्ध निकेत. आदल्या दिवशी गुणाजीचे मालक गुरुदास म्हणाले, "लोक म्हणतत तुजा वय झाला. उद्या दाखव काय ता. नायतर राजपार्ट दुसऱ्याक देतंय."

गुणाजी हसला. समोर निकेत असणार, मग कसली भीती?

लढाई सुरू झाली, पखवाज चढला. गुणाजीने खांदा बघितला. खांदा भलत्याच बाजूला वळत होता! त्याला वाटलं, पोरगं चुकलं, सावरेल आता. पण निकेत तसाच डावीकडून सुसाट आला, गुणाजीला डाव्या पायावर वळावं लागलं आणि राजा धाडकन खाली. मुकुट घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत. वर टाळ्या, शिट्ट्या! लोकांना वाटलं, मुद्दामच पडला, आणि काय झकास पडला!

आत रंगपटात सुजलेल्या गुडघ्यावरून सुरवार निघेना. निकेत आला, पायाशी बसून ओढायला लागला.

"डावीकडसून कित्याक इलंस?"

निकेत सुरवार ओढतच राहिला. मग म्हणाला, "दादानू, माका जिंकूचा होता. उजवीकडसून तुमका कोण हरवतलो?"

"हात काढ."

तेवढ्यात गुरुदास आत आले, एकदम खुशीत. "लोक येडे झाले रे गुणाजी! पुढच्या प्रयोगाकय असोच पड. निकेत म्हणता, डावीकडसून इलो की तू पडतंसच!"

म्हणजे मालकालाही सांगून झालं होतं.

गुणाजीने निकेतकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

"माका पडूचा नाय," गुणाजी म्हणाला. "राजा दुसरो बघा."

तशीच सुरवार, तोंडावर तसाच रंग, भिंतीला धरत तो बाहेर पडला आणि एसटी स्टँडकडे निघाला. "दादानू, ओ दादानू!" करत निकेत फाटकापर्यंत आला. गुणाजीने ओ दिली नाही.