राहूद्या काकांचे कान

दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याच्या गळ्यात काहीतरी मारायचं, हा दुकानदाराचा धर्म. नौपाड्यातल्या आमच्या काकांनी हा धर्म जन्मभर बुडवला. कोणी मोठ्या हौसेनं म्हणावं, "काका, नवा ॲम्प्लीफायर घ्यायचा म्हणतोय, चांगला शंभर वॅटचा," की काका चष्मा कपाळावर सरकवत म्हणायचे, "राहू द्या. कशाला?" तो ॲम्प्लीफायर स्वतः काकाच बनवून देणार असत, चार पैसे त्यांनाच सुटणार असत, तरी राहू द्या. ठाण्यापासून कल्याणपर्यंत गाण्याचा नाद असलेल्या लोकांत त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. सगळे त्यांना राहूद्या काका म्हणत आणि तेही त्या नावाला ओ देत.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. नोकरी ठाण्यात सरकारी कचेरीत, बिऱ्हाड डोंबिवलीत. माझा टेप रेकॉर्डर गुणगुणत होता आणि तो मोडीत काढून मोठा कॅसेट डेक घ्यावा असा माझा बेत होता. काकांच्या दुकानात एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याला रस्त्यावर थांबावं लागे. त्यांनी टेप उघडला, आत फुंकर मारली, एक तार कथलानं चिकटवली आणि परत दिला. मी डेकचा विषय काढला. "हा मरू दे आधी," काका म्हणाले, "जिवंत माणसाचं श्राद्ध कशाला घालता?" तो टेप पुढे आठ वर्षं वाजला आणि माझा डेक आठ वर्षं लांबला. याबद्दल मी त्यांना शिव्याही पुष्कळ दिल्या, अर्थात घरी.

काकांचा नियम असा की खोली ऐकल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा चपला काढून थेट खोलीच्या मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी मोठ्यानं टाळ्या वाजवल्या. सुषमा, माझी बायको, कोणाची आरती सुरू झाली म्हणून बाहेर आली. काका कान देऊन उभे. मग म्हणाले, "अहो प्रधान, तुमचे स्पीकर वाजतच नाहीत. तुमच्या भिंती वाजतायत." त्यांच्या सांगण्यावरून आम्ही जाड पडदा लावला, समोरच्या भिंतीवर सतरंजी टांगली, लोखंडी कपाट कोपऱ्यातून हलवलं. आवाज खरोखरच सुधारला. सुषमाच्या माहेरची माणसं मात्र भिंतीवरची सतरंजी बघून अनेक वर्षं काळजीत होती.

"आधी खोली, मग स्पीकर, मग यंत्र आणि वायर सगळ्यात शेवटी," असा त्यांचा क्रम होता. "लोक उलटं करतात. खोली तशीच ठेवतात आणि वायर बदलून खूश होतात." वॅटवरून तर ते माणसाची सालटी काढत. आमच्या कचेरीतल्या एकाला ते म्हणाले होते, "दहा बाय बाराची खोली तुमची. दोनशे वॅट घेऊन कोणाला ऐकवायचंय? कोपर स्टेशनवरच्या लोकांना?"

तरीही कोणी हट्टाला पेटलं, तर काका शेवटचा उपाय म्हणून आपली लाकडी पेटी काढत. ती त्यांनी स्वतः बनवलेली होती. तिला एक खटका होता. जुनं यंत्र आणि नवं यंत्र दोन्ही तिला जोडायची. खटका इकडे केला की जुनं वाजे, तिकडे केला की नवं. कॅसेट तीच, स्पीकर तेच. ऐकणाऱ्यानं पाठ करून बसायचं आणि तीनदा ओळखायचं. "तीनदा बरोबर सांगा आणि खुशाल पैसे घालवा. नाही कळलं तर तो फरक तुमच्यासाठी नाहीच." मग ते स्वतःही ऐकत आणि त्यांचा निकाल अखेरचा असे. छातीवर नामांकित कंपनीच्या कर्ण्याचं चित्र मिरवत आलेली किती यंत्रं त्या खटक्यापुढे निमूट परत गेली याची गणती नाही. काकांचा संसार बेताचाच राहिला. पण त्यांचा शब्द ठाण्यात चालत असे आणि त्यांना तेवढं पुरत असे.

नव्वदीच्या मध्यावर घरोघरी केबल आली आणि लोकांना गाण्यापेक्षा सिनेमाचा आवाज हवासा झाला. पाच स्पीकर, मागून येणारी मोटार, डोक्यावरून जाणारं विमान. मलाही हवं होतं. नेमकी त्याच वेळी पगाराची थकबाकी हातात पडली. एका मित्रानं नवाकोरा रिसीव्हर, म्हणजे पाचही स्पीकर चालवणारा ॲम्प्लीफायर, दोन दिवस ऐकायला दिला. सुषमा म्हणाली, "काकांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही." म्हणून काकांना बोलावलं. ते रविवारी सकाळी पेटी घेऊन आले. आता साठी उलटली होती, जिना चढून दम लागला होता.

भजनाची कॅसेट लावली. मी पाठ करून बसलो आणि पहिल्याच खटक्याला मला फरक कळला. माझ्या जुन्या ॲम्प्लीफायरवर झांजा कुठेतरी गोधडीखाली वाजत होत्या. नव्यावर त्या समोर येऊन वाजल्या. तीनदा मी मनाशी ओळखलं. तोंडानं अजून काही बोललो नव्हतो. काका म्हणाले, "थांबा, आधी मीही ऐकतो." ते डोळे मिटून बसले, मी खटका हलवला. एकदा, दोनदा, तीनदा. काका म्हणाले, "काही फरक नाही. राहू द्या."

माझी मुलगी मनू तेव्हा आठ वर्षांची होती. ती दारातून म्हणाली, "आहे फरक आजोबा. त्या दुसऱ्यात छन् छन् वाजतंय."

काकांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "आहे का हो फरक, प्रधान?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि माझ्यातला भिडस्त माणूस जागा झाला. आमच्याकडे भीड हा सद्गुण समजतात. वडीलधाऱ्यांचा शब्द तोंडावर खोडायचा नाही, आलेल्या माणसाला अवघडायला लावायचं नाही, असं शिकतच मी मोठा झालो. मी म्हणालो, "नाही हो काका. अजिबात नाही." आणि मनूला दटावलं, "तू आत जा गं. मोठ्यांच्यात बोलू नकोस." ती आत गेली. काकांनी सुस्कारा सोडला, पेटी बांधली आणि पोहे मागून घेऊन खाल्ले.

तीन महिन्यांनी मी तो रिसीव्हर गुपचूप घेतला. काका यायचे असले की मी त्याच्यावर सुषमाची जुनी साडी टाकून वर फोटोची फ्रेम ठेवत असे. तेवढ्यानं भागलं असतं तर ठीक होतं. पण कोणी विचारलं की मी अजूनही काकांचंच नाव सांगत होतो. दोघा-तिघांना मीच त्यांच्याकडे धाडलं. पुढे कचेरीत कोणीतरी म्हणालं, "म्हातारा बहिरा झालाय रे, उगाच सगळ्यांना नको नको सांगतो." मी चहाचा कप उचलला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. दुसरा कोणी असता तर त्याला मी भेकड म्हटलं असतं.

वर्ष उलटल्यावर एका रविवारी काका न कळवता आले. रिसीव्हर उघडाच होता. त्यांनी तो पाहिला, जवळ जाऊन त्याच्यावरून बोट फिरवलं. "चांगला आहे," म्हणाले आणि खुर्चीवर बसले. मग त्यांनी शीळफाट्याची हकिगत सांगितली. तिथल्या हिराजी पाटलांच्या घरचे स्पीकर त्यांनी दुरुस्त करून नेले होते. लावून दाखवले, वाजतायत म्हणाले. हिराजीनं थोडा वेळ ऐकलं आणि सरळ तोंडावर सांगितलं, "काका, राग नका धरू, पन तुमाला आयकू येत नाय. त्यो बारका भोंगा वाजतच नाय."

"मी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो," काका म्हणाले. "वरचे बारीक सूर गेलेत. वयाचं आहे, परत येणार नाहीत. बोलणं ऐकू येतं ना, म्हणून माझं मला कळलं नाही." मग खुर्चीच्या हातावर बोट ठेवून ते म्हणाले, "पण मला शंका आली होती, प्रधान. इथेच, याच खुर्चीत. म्हणून तर तुम्हाला विचारलं. तुम्ही नाही म्हणालात आणि मी निर्धास्त झालो. त्यानंतर वर्षभर मी लोकांना सांगत फिरलो."

मी म्हणालो, "काका, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…"

"वाईट वाटलं असतं," काका म्हणाले. "दुकान बंद केलं असतं. दुसरं काय झालं असतं?" ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. हिराजीची आणि त्यांची ओळख दोनदा केलेल्या दुरुस्तीपुरती; त्यानं जे एका वाक्यात केलं, ते मी बारा वर्षांच्या घरोब्यात केलं नव्हतं.

मग त्यांनी मला एक काम सांगितलं. त्या वर्षात ज्या ज्या घरी त्यांनी निकाल दिला होता, त्या सगळ्या घरी त्यांना परत जायचं होतं. नाकारलेलं यंत्र ते दुकानातून पुन्हा मागून आणणार, खटका ते हलवणार, ऐकायचं मी. अशी अकरा घरं होती. दर रविवारी आम्ही निघायचो, नौपाड्यापासून सुरुवात करून. दारात उभं राहून काका सांगत, "माझ्या कानांत दोष आलाय. गेल्या वर्षी मी सांगितलं ते धरू नका. आज हे ऐकतील." लोक ओशाळत, "अहो काका, असं काय," म्हणत चहा टाकत. एकानं तर दार अर्धवट लोटूनच बोलणं उरकलं. पहिल्या दहांपैकी तिघांनी असंच बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं; उरलेल्या सातही घरांत मी सांगितलं, "फरक आहे." प्रत्येक वेळी काका शांतपणे घरमालकाला म्हणत, "मग घ्या तुम्ही. पैसे वाया जाणार नाहीत." परतीच्या वाटेवर माझ्याशी ते हवापाण्याचं बोलत. हे आटोपलं की दुकानाची पाटी उतरवायची, एवढं त्यांनी मला सांगितलं होतं. पुढे तसंच झालं आणि दोन वर्षांत काकाही गेले.

अकरावं घर कल्याणला होतं. कुलकर्णी बाई म्हणून निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. यजमानांच्या जुन्या ॲम्प्लीफायरच्या जागी लावायला मुलानं नवा आणून ठेवला होता आणि काकांनी वर्षापूर्वी त्यांना राहू द्या सांगितल्यापासून तो तसाच पडून होता. मी पाठ करून बसलो. एकदा ऐकलं, दोनदा, तीनदा. मग आणखी तीनदा. खरोखर काहीही फरक नव्हता. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलोच, "काका, काही फरक नाही! तुमचंच बरोबर होतं!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, दमलेल्या माणसानं पाहावं तसं. "पुरे आता, प्रधान," ते म्हणाले.

"काका, शपथ. खरंच नाही."

ते बाईंकडे वळले. "बाई, तुम्ही बसा इथे." बाई पाठ करून बसल्या, काकांनी खटका हलवला. बाईंनी मन लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "दोन्ही सारखेच आहेत हो."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी मान डोलावली आणि वायरी गुंडाळायला घेतल्या. बाईंना ते आयुष्यात दुसऱ्यांदा भेटत होते. त्यांच्या शब्दावर काकांचा विश्वास बसला.