हार्मन वासिंक यांचं बोट

नेदरलँड्समधल्या देव्हेंटर गावात हार्मन वासिंक यांनी उभा जन्म वर्तमानपत्राची प्रुफं तपासली. ओळीत न मावणारा लांबलचक जोडशब्द कुठे तोडायचा, हा निर्णय त्यांचा. डच माणसाला शब्दाला शब्द चिकटवण्याची दांडगी हौस, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. निवृत्तीनंतर काम गेलं, सवय राहिली. समोरच्याने शब्दाच्या भलत्याच तुकड्यावर जोर दिला की त्यांचं बोट टेबलावर वाजे: जोर इथे द्या, तिथे नको. या मोफत सेवेबद्दल लोकांनी आभार मानले नाहीत. येणंच बंद केलं.

त्यांत मुलगी योरीनही होती. डिसेंबरात सिंटरक्लास या संताच्या सणाला संध्याकाळी भेटवस्तूसोबत टिंगलीची कविता द्यायची आणि ज्याची टिंगल त्यानेच ती मोठ्याने वाचायची, अशी रीत. जावई तैमनने दिलेली कविता हार्मननी वाचली नाही, तपासली. तैमन कॉफी अर्धी टाकून उठला. त्यानंतर दोन सण सुने गेले.

यंदा योरीनचा फोन आला. "येतो आम्ही. पण बाबा, बोट वाजलं तर ही शेवटची भेट."

"मी काय लहान आहे?"

"लहान मुलं ऐकतात तरी," पत्नी आलेइडा शेजारून म्हणाली.

सण आला. बिस्किटं आली, प्रत्येकाला आपापल्या नावाचं चॉकलेटचं आद्याक्षर मिळालं. कविता संतानेच धाडली असं मानायचं असतं. संताचं हस्ताक्षर हुबेहूब तैमनसारखं होतं. हार्मन वाचू लागले. दुसऱ्याच ओळीत 'क्योकनताफल', म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. जोर पहिल्या 'क्यो'वर हवा. संताने वृत्तासाठी तो 'ता'वर आदळला होता.

बोट वर उठलं. तैमनने कोटाकडे पाहिलं.

हार्मननी ते बोट आपल्या चॉकलेटच्या 'एच'वर टेकवलं, दाबून धरलं आणि 'ता'वर असा जोर दिला की मांजर पळालं. कविता संपेपर्यंत बोट निम्मं आत रुतलं होतं.

"कशी वाटली?" तैमनने विचारलं.

"संताला सांग, उत्तम," हार्मन म्हणाले. इतकं धडधडीत खोटं त्यांनी कधी छापूही दिलं नव्हतं.

मग तैमन त्याच्या टिंगलीची कविता वाचू लागला. तिसऱ्या ओळीला टेबलावर टक्‌ झालं. सगळ्यांनी हार्मनकडे पाहिलं. त्यांचं बोट चॉकलेटमध्येच होतं.

"योरीन!" तैमन ओरडला.

"अरे, पण जोर पहिल्यावर असतो ना!"

हार्मन खिडकीबाहेर बघत राहिले. चेहऱ्यावरचा अभिमान लपवण्यासाठी त्यांना अख्खा 'एच' खावा लागला.