ऐकणारीला ऐकणारी

रविवारची दुपार आहे आणि टेबलावरचा एआरएम चिपचा लॅपटॉप गप्प आहे. सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. तो मी स्वतः तयार करून सकाळी त्यात घातला, तेव्हापासून स्क्रीन काळी आहे. चुकलं असेल तर हा लॅपटॉप गेला, आणि या भाड्याच्या खोलीत मला सोबत म्हणून तेवढाच आहे. स्क्रीन काळी असली तरी तो तारेवरून अक्षरांत बोलतो, म्हणून मी तारा ऑफिसमधून आणलेल्या कॉम्प्युटरला जोडल्यात. तिथेही काही उमटत नाही.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"जेवलीस?"

"हो."

"बरी आहेस ना?"

"हो."

मग ती माझ्या बोलण्याची वाट पाहते, मी तिच्या.

"ठेवू मग?"

"ठेव."

फोन ठेवला आणि नजर तारांवर गेली. दोन्हीकडे एक बोलणारी असते, एक ऐकणारी. एकीकडची बोलणारी दुसरीकडच्या ऐकणारीला जोडायची. मी बोलणारीला बोलणारी जोडली होती आणि ऐकणारीला ऐकणारी.

तारा बदलून बटण दाबलं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर एक पांढरी ओळ आली, मग दुसरी. स्क्रीन का लागत नाही, तेही तो सांगत होता. बोलत तर तो सकाळपासूनच असणार.

मी आईला फोन लावला.

"काय गं, काही राहिलं?"

"नाही. सकाळपासून एक काम करत होते, ते सांगायचं होतं. तुला कंटाळा येईल बहुतेक."

"थांब, गॅस बंद करून येते," आई म्हणाली.